दख्खनची कल्पनारम्य कथा आणि अंगावर मिलानचं चिलखत

भुईकोट (सोलापूर)

मराठीत कल्पनारम्य कथा-कादंबऱ्या लिहिणारे नवे हात वाढले आहेत आणि मी त्यातलं मिळेल ते वाचतो. राज्यांची नावं आपली असतात, देवळं आपली, माळरान आपलं, शिदोरीत भाकरी आणि शेंगाचटणी. लढाईला तोंड लागलं की मात्र नायकाच्या अंगावर नखशिखांत पोलादी पत्रा चढतो, तोंडावर वर-खाली होणारी झडप येते आणि हातात दोन्ही हातांनी चालवायची सरळ, लांब तलवार. हा सगळा सरंजाम पंधराव्या शतकातल्या इटलीतल्या मिलान आणि जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या कारागिरांचा. तिथून तो इंग्रजी कथांत गेला, मग व्हिडिओ गेममध्ये, आणि तिथून थेट आपल्या माळरानावर आला. 'हे इथे का?' हा प्रश्न वाटेत कुणी विचारलाच नाही.

काल्पनिक जगात सनावळ्या जुळवत बसा असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. कुठलंही शस्त्र किंवा चिलखत हे कुठल्या तरी अडचणीवर शोधलेलं उत्तर असतं. समोरचा कशानं मारतोय, हवा कशी आहे, लोहाराला कसलं लोखंड मिळतं, घोडा केवढा आहे, पैसे कोण देतंय. लेखकानं यातली हवी ती अडचण बदलावी. पण अडचण दख्खनची ठेवून उत्तर मिलानचं उचललं, तर ते जग आतून पोकळ होतं.

आधी त्या युरोपी चिलखताला न्याय देऊ. ते अवजड आणि ढिम्म होतं ही समजूत चुकीची आहे. लढाईचं पूर्ण चिलखत साधारण १५ ते २५ किलो भरायचं आणि त्याचं वजन अंगभर वाटलेलं असायचं. सराव असलेला माणूस ते घालून पळायचा, घोड्यावर चढायचा. ते ज्याच्या त्याच्या मापाचं बनवलेलं असे, म्हणून हे जमायचं. मेलेल्या सरदाराचं चिलखत काढून नायकानं दोन मिनिटांत अंगावर चढवलं, असं लिहिणाऱ्यांनी याचा विचार करावा. लांब तलवारही ११०० ते १५०० ग्रॅमची असायची, दहा किलोची नव्हे. आणि तिनं पोलादी पत्रा कापला जात नाही. पत्र्यातला माणूस मारायचा तर गदा किंवा परशू लागतो, नाहीतर काखेतल्या, मांडीच्या सांध्यातल्या फटीत टोक घुसवावं लागतं. तिकडचे योद्धे त्यासाठी तलवारीचं पातंच अर्ध्यावर हातात धरून ती भाल्यासारखी चालवायचे. कथेत मात्र एका वारात चिलखतासकट दोन तुकडे होतात. मग त्या बिचाऱ्यानं चिलखत घातलं कशासाठी?

दुसरी गोष्ट दारूगोळ्याची. कल्पनारम्य जगात तलवारी चालतात आणि तोफा बाद, असा एक अलिखित नियम झालाय. ज्या काळाची नक्कल चालते त्या काळात हे खरं नव्हतं. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या तटावर मोठाल्या तोफा धडधडत होत्या आणि युरोपातली उत्तमातली उत्तम पत्र्याची चिलखतं त्यानंतरच्या शंभर वर्षांत बनली. छातीच्या पत्र्यावर मुद्दाम गोळी झाडून तो टिकतो हे दाखवायचे, त्या खड्ड्याची खूण तशीच ठेवून विकायचे.

आपल्याकडे तर प्रश्नच नाही. सोलापुरातून विजापूर शंभर किलोमीटर. तिथली मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली. वजन ५५ टनांच्या आसपास, लांबी साडेचार मीटरला थोडी कमी, आणि तोंडाशी हत्तीला जबड्यात धरलेलं श्वापद. आपला भुईकोट किल्ला त्याच काळात निजामशाही आणि आदिलशाहीच्या ओढाताणीत होता. विजयनगरविरुद्धच्या तालिकोटच्या लढाईआधी दोघांत सोयरीक जुळली आणि चांदबिबीसोबत सोलापूरचा किल्ला अली आदिलशहाकडे गेला. मग २३ जानेवारी १५६५ ला तालिकोट झालं. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की निजामशहाच्या तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या पिशव्या भरून झाडल्या. नाणी भरलेली तोफ! हे मी कथेत वाचलं असतं तर लेखकाच्या कल्पनाशक्तीला दाद दिली असती.

आणि आपलं चिलखत? बारीक कड्यांचं जाळीदार बख्तर, त्यावर छाती, पाठ आणि दोन्ही कुशींना चार पत्रे, म्हणजे चार-आईना. हाताला कोपरापर्यंत दस्ताना, डोक्याला टोकदार टोप आणि त्याला मानेवर उतरणारी कड्यांची झालर. त्याखाली किंवा त्याऐवजी रुई भरून शिवलेला जाड अंगरखा. वैशाखात सोलापूरचा पारा ४२-४३ वर असतो. तिथे हवा खेळती ठेवणारी जाळी आणि घाम पिणारं कापड हेच शहाणपण होतं. बख्तरावर मखमल किंवा सुती कापड चढवायचे, त्यामुळे लोखंडावर थेट ऊन पडत नसे. हे सगळं इतकं देखणं आणि इतकं नेमकं आहे की लेखकांनी ते सोडून दुसरीकडे का जावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथे लिहिणारे, चित्र काढणारे, संग्रहालयं पाहणारे बरेच आहेत. तुमच्या वाचनात काय खटकलं आणि काय चांगलं सापडलं ते लिहा. मी स्वतः एक दीर्घकथा लिहितोय, त्यामुळे स्वार्थही आहे.

---

अवकाळी

वाचनखूण साठवली. पण एक सांगा, आकाशातून ड्रॅगन आलेला चालतो, मंत्रानं पूर आलेला चालतो, आणि चिलखत मिलानचं निघालं की तिथे अडायचं? कल्पनारम्य म्हणजे मोकळीक. इतिहास हवा असेल त्यानं ऐतिहासिक कादंबरी वाचावी.

---

भुईकोट

प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

समजा तुमच्या राज्यात आग ओकणारा प्राणी आहे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. मग त्या राज्याच्या लोहारानं, चांभारानं, शिंप्यानं त्याच्यासाठी काहीतरी शोधलंच असणार. आगीसमोर लोखंडी पत्रा हे सगळ्यात वाईट कवच. तो तापतो, पटकन काढता येत नाही, आतला माणूस होरपळतो. ते लोक भिजवलेली कातडी वापरतील. ओल्या रुईचे जाड थर वापरतील. ढाल मोठी करतील आणि तिला म्हशीचं कातडं लावतील. तोडेदार (जळत्या वातीनं पेटवायच्या) बंदुकीवाले तर त्या प्राण्याच्या आसपासही फिरकणार नाहीत, कारण कमरेला दारूची शिंगं लटकलेली. किल्ल्याचं गवती छप्पर जाऊन तिथे दगड-चुन्याचं येईल, दारूकोठार जमिनीखाली जाईल. हत्तीदळ मोडीत निघेल.

ड्रॅगन आणल्यामुळे किती नव्या गोष्टी लिहायला मिळाल्या बघा. खरेपणा म्हणतो तो हाच. ड्रॅगन आला आणि सैनिकाचा पोशाख जसाच्या तसा राहिला, तर तो ड्रॅगन त्या जगात राहतच नाही, फक्त मुखपृष्ठावर राहतो.

आणि अद्भुत प्राणी आपल्याकडे परके नाहीत. दख्खनच्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर हत्तींना पंज्यात धरलेले शरभ आहेत, दोन तोंडांचे गंडभेरुंड आहेत. विजापूर-गोवळकोंड्याकडच्या सोळाव्या शतकातल्या काही खंजिरांच्या मुठी तर एकमेकांवर झेपावणाऱ्या सिंह-व्यालांच्याच बनवल्या आहेत. खऱ्या शस्त्रातच इतकी अद्भुतता आहे.

---

अवकाळी

दारूच्या शिंगांचा मुद्दा पटला. बाकी विचार करतो.

---

ओतकाम

मी सोलापुरातच ओतकामाच्या कारखान्यात आहे. शस्त्रांचा अभ्यास नाही, धातूचा आहे. एक दृश्य मला नेहमी छळतं: भट्टीतून लालभडक रस निघतो, तलवारीच्या आकाराच्या साच्यात पडतो, गार झाला की नायक ती उचलून आकाशाकडे धरतो.

लोखंड असं ओतलं तर ते बीड होतं. त्यात कार्बन दोन-तीन टक्क्यांच्या वर असतो. कढई, पाईप, यंत्राचा सांगाडा यांना ते झकास. त्याची तलवार केली तर पहिल्याच ठोक्याला मधोमध तुटेल. तलवार घडवावी लागते. तापव, ठोक, पुन्हा तापव, मग पाणी दे, मग पुन्हा बेताची ऊब देऊन ठिसूळपणा कमी कर, मग घासकाम. घासायला घडवण्याइतकाच वेळ जातो.

साच्यातली तलवार लिहायचीच असेल तर ती काशाची करा. काशाच्या तलवारी खरोखर ओतायचे. म्हणजे तुमच्या कथेतलं राज्य लोखंडाच्या आधीचं असेल तर ते दृश्य शंभर टक्के खरं ठरेल.

आपल्याकडच्या उकू पोलादाची गोष्ट तर याहून भारी. तेलंगणातलं कोनसमुद्रम हे त्याचं एक मोठं ठिकाण, इराणपर्यंतचे व्यापारी तिथला माल न्यायचे. मातीच्या मुशीत लोखंड आणि लाकूडफाटा-पाला बंद करून तासन्‌तास तापवायचं, हळूहळू गार करायचं. हाताच्या मुठीत मावेल अशी वडी निघते, कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. ती घडवताना उष्णता थोडी जास्त झाली की भुगा होतो, कमी झाली की तडा जातो. बरोब्बर मधल्या पट्ट्यात राहून घडवलं तर पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटते. युरोपातल्या लोहारांना ती लवकर साधत नव्हती, कारण ते त्यांच्या सवयीनं जास्त तापवायचे.

एखाद्या लेखकानं फक्त हे लिहावं: लोहार अंधारात काम करतोय, कारण तापलेल्या लोखंडाचा रंग त्याला नेमका ओळखायचाय. त्यासाठी मंत्र लागत नाही.

---

भुईकोट

ओतकाम दादा, तुमचा प्रतिसाद कथेत उतरवायची परवानगी हवी. भट्टी अंधारात ठेवण्याचं कारण माझ्या लोहाराला आता मिळालं.

---

पूर्वभागकर

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मागावरचं. घरात तेलुगू, बाहेर मराठी. तुम्ही रुईच्या अंगरख्याबद्दल दोन ओळी लिहून पुढे गेलात, मी जरा थांबते.

कापडाचं चिलखत म्हटलं की लोकांना गरिबाचा नाइलाज वाटतो. तसं नाही. कापडाचे पंधरा-वीस थर एकमेकांवर ठेवून जवळजवळ टाके घातले की बाण किंवा पात्याचं टोक प्रत्येक थरात सूत ओढत जातं आणि त्याचा जोर खर्ची पडतो. इथे विणीला फार महत्त्व आहे. सैल विणीत टोक सुतं बाजूला सारून आत जातं, घट्ट विणीत सूत तुटावं लागतं. टाके आडवे-उभे दोन्ही घातले तर थर एकमेकांवर सरकत नाहीत. आमच्याकडे चादरीला जो घट्ट, जाडसर पोत येतो तो मला या कामाला योग्य वाटतो, अर्थात हे माझं मागावरचं मत.

टिपू सुलतानाचं रुई भरून शिवलेलं शिरस्त्राण अजून जपलेलं आहे, म्हणजे राजेसुद्धा कापड डोक्यावर घ्यायचे. मुघल आणि राजपूत दरबारांत चिलटा हजार माशा नावाचा प्रकार होता: मखमली अंगरखा, आत थर, आणि वर सोनेरी खिळ्यांची दाट पेरणी. लांबून बघितलं तर दरबारी पोशाख, जवळून बघितलं तर चिलखत. राजकारणाच्या कथेला हा पोशाख किती उपयोगी पडेल! मेजवानीत बसलेला वजीर चिलखत घालून आलाय हे फक्त ज्यानं त्याला मिठी मारली त्यालाच कळेल.

आणि कापडाचं चिलखत म्हटलं की त्यामागे बायकांचे हात आले. सूत काढणाऱ्या, टाके घालणाऱ्या. दहा हजारांचं सैन्य उभं करायचं तर आधी वर्षभर किती घरांत सुई चालली असेल. लढाईची कथा त्या घरांतून सुरू झालेली मला वाचायला आवडेल.

---

वाचनवेडी

+१. शेवटच्या परिच्छेदाला तर +१००.

---

पट्टेकरी

शिवजयंतीच्या मिरवणुकीत आम्ही मर्दानी खेळ करतो, त्यामुळे हातातल्या गोष्टीबद्दल सांगतो.

दांडपट्टा हा लई जणांना फक्त देखावा वाटतो. त्याचं पातं लांब, सरळ आणि लवचीक. मूठ बघाल तर कोपराच्या अलीकडपर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबणा, आत आडवी दांडी धरायची. मनगट वळतच नाही. त्यामुळे सगळा वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. पट्टा चालवणारा एका जागी उभा राहून समोरच्याशी टकटक करत बसत नाही, तो सतत फिरत राहतो. मोकळी जागा लागते. अरुंद जिन्यात, गर्दीत, स्वतःच्याच रांगेत उभं राहून पट्टा चालवला असं लिहिलं की मला पुढं वाचवत नाही.

तलवारीचंही तसंच. आपल्या वाकड्या तलवारीची मूठ लहान असते, वर गोल गादी आणि बाजूला बोटं झाकणारी परज. युरोपी तलवारीसारखं टोक पुढं करून मनगटावर नाचवायला गेलं की गादी मनगटाला टोचते. ती मूठच सांगते की कसा वार करायचा: जवळ जा, खांद्यातून घाल आणि ओढून घे. कापत जाणारा वार. म्हणून आपल्या तलवारीसोबत ढाल पाहिजेच, अडवायचं काम ढालीचं. ढाल गेंड्याच्या नाहीतर म्हशीच्या कातड्याची, वर चार फुल्या. त्या फुल्या शोभेच्या नाहीत, मागच्या मुठीच्या कड्या तिथं अडकवलेल्या असतात.

पाठीवरच्या म्यानातून तलवार उपसणं हाही एक प्रकार. हात वर करून बघा की. पातं हाताच्या लांबीपेक्षा मोठं असलं तर ते म्यानातून पुरतं बाहेर येत नाही. तलवार कमरेला, पाठीवर ढाल. आणि उपसताना तो 'खण्ण' आवाज येत नाही. म्यान लाकडाचं, वर कातडं नाहीतर मखमल. आवाज घासल्याचा येतो, तोही हळू.

---

अंतूकाका

पट्टेकरींच्या प्रतिसादाला पुस्ती. प्रतापगडाच्या, १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रसंगात महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि पागोट्याखाली टोप घातल्याची हकीकत आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. पूर्वभागकर ताई म्हणतात तो झाकलेल्या चिलखताचा विचार तिथे आहेच. आणि सय्यद बंडाचा हात उडाला तो जिवा महालाच्या हातून.

मी संस्कृतचा निवृत्त मास्तर. कल्पनारम्य कथा लिहिणाऱ्यांनी कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं आयुधागाराध्यक्षाचं प्रकरण जरूर वाचावं. कवचांचे प्रकार देताना लोहजालिका येते, म्हणजे लोखंडी जाळी. पट्ट येतो, कवच येतं, सुताचं सूत्रकंकट येतं. पुढे गेंडा, हत्ती, बैल अशा प्राण्यांची कातडी, खूर आणि शिंगं एकत्र जोडून बनवलेली कवचं येतात. तलवारीच्या मुठी कशाच्या, तर गेंड्याचं आणि म्हशीचं शिंग, हस्तिदंत, लाकूड, वेळूचं मूळ.

यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की हा मजकूर योद्ध्यानं सांगितलेला नाही, कोठाराच्या अधिकाऱ्यासाठी लिहिलेला आहे. शस्त्रं मोजायची, त्यांवर राजाची खूण करायची, ऊन, ओल आणि किडीपासून जपायची. तुमच्या राज्यात शस्त्रागाराचा हिशेबनीस असू द्या. राजा खोटं बोलला तरी त्याच्या वहीत किती ढाली शिल्लक आहेत ते लिहिलेलं असतं.

---

तोडेदार

बंदुकीवाल्यांच्या बाजूनं लिहितो. भुईकोट यांनी तोफा घेतल्या, पण रोजच्या लढाईचा प्रश्न पावसाचा आहे.

तोडेदार बंदुकीत जळती वात लागते, म्हणजे तोडा. पावसात तोडा विझतो आणि कानातली (पेटवणीच्या भोकाशी ठेवलेली) दारू ओली होते. धनुष्याचं काय? लाकूड, शिंग आणि स्नायूंचे तंतू सरसानं चिकटवून केलेली कमान दमट हवेत सुटत जाते. म्हणून हिंदुस्थानात पोलादी कमानी बनल्या. लाकडी-शिंगी कमानीइतका जोम त्यांत नसतो, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं टांगून ठेवल्या तरी बिघडत नाहीत. वेढा पडला की उतरवायच्या आणि वापरायच्या. इतकं सोपं आणि पटणारं शस्त्र मी अजून एकाही मराठी कल्पनारम्य कथेत वाचलेलं नाही.

दसऱ्याला सीमोल्लंघन यासाठीच. पाऊस सरला, नद्या उतरल्या, चारा झाला, खंडेनवमीला शस्त्रं घासूनपुसून पुजली, की स्वारी बाहेर. तुमच्या काल्पनिक राज्यात भर आषाढात दोन लाख फौज नदी ओलांडत असेल तर त्याला काहीतरी जबरदस्त कारण द्या. किंवा तेच कथेचं बीज करा: पावसात लढू शकणारी एक टोळी, जिच्याकडे बंदूक नाही, फक्त पोलादी कमानी आणि विटे (दोरी बांधलेले फेकायचे भाले).

आणखी एक, पैशाचं. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं, बारगिराला घोडा सरकारातून. घोडा मेला तर शिलेदाराचं घर बसतं. त्यामुळे तो जपून लढणार, लूट मोजणार, पगार थकला की निघून जाणार. चिलखत कुणाच्या अंगावर आहे हे तिथेच ठरतं. सगळ्या फौजेला एकसारखी चकचकीत चिलखतं दाखवणाऱ्यानं आधी खजिना दाखवावा.

---

शब्दसखी

माझी नायिका लढवय्यी आहे. चित्रकारानं मुखपृष्ठासाठी पाठवलेल्या रेखाटनात तिच्या चिलखताला छातीच्या जागी दोन वाट्या काढल्या आहेत आणि पोट उघडं. मला नको वाटतंय पण कारण देता येत नाहीये. मदत करा.

---

भुईकोट

शब्दसखी ताई, कारण साधं आहे. चिलखताच्या पत्र्याचा आकार असा असतो की टोक लागलं तर ते घसरून बाजूला जावं. दोन वाट्या काढल्या तर भाल्याचं टोक घसरून मधल्या खाचेत येतं, बरोबर छातीच्या हाडावर. म्हणजे चिलखतच वार आत आणतं. आणि उघड्या पोटाबद्दल तर बोलायलाच नको, पोटातला घाव त्या काळी बहुतेक वेळा सावकाश मारायचा.

तिला कड्यांचं बख्तर द्या. ते अंगाप्रमाणे पडतं, स्त्री-पुरुष असा वेगळा साचा लागत नाही. त्याचा सगळा भार खांद्यांवर येतो, म्हणून कमरेला पट्टा आवळून थोडं वजन तिथे घ्यायचं. खाली रुईचा अंगरखा. वर चार-आईना बांधा आणि छातीचा पत्रा सपाट किंवा मध्ये किंचित उंच ठेवा. कापणाऱ्या वारापासून बख्तर उत्तम वाचवतं. अणकुचीदार टोकाला ते कमी पडतं. म्हणूनच काही कट्यारींचं टोक मुद्दाम जाड ठेवायचे, कडी फोडून आत जाण्यासाठी. तुमच्या खलनायकाच्या हाती ती द्या.

आधाराला आपली चांदबिबी आहेच. १५९५-९६ मध्ये मुघलांनी अहमदनगरला वेढा घातला, सुरुंगानं तट उडवला, आणि ती तोंडावर बुरखा, हातात नंगी तलवार घेऊन खिंडाराशी उभी राहिली असं फिरिश्ता लिहितो. रातोरात तट पुन्हा उभा केला. तिला ओळखायला लोकांना चिलखतातल्या वाट्या लागल्या नाहीत.

---

शब्दसखी

तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा चित्रकाराला पाठवला. धन्यवाद.

---

नदीकाठ

सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं, तरी वाचक म्हणून एक काळजी. हे सगळं लेखकाच्या डोक्यात शिरलं की दोन पानं चिलखताच्या वर्णनात जातात. दस्ताना, झालर, परज, गादी. नायकाची आई मरतेय आणि आपण ढालीच्या फुल्या मोजतोय. मी अशी पुस्तकं अर्ध्यात ठेवली आहेत.

---

भुईकोट

नदीकाठ, तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि हे लिहिणाऱ्या प्रत्येकानं ऐकावं असं वाटतं. माहिती लेखकाला हवी, पानावर त्यातलं फार थोडं यावं. ते कुठलं यावं याची माझी कसोटी: त्या तपशिलामुळे पात्राला काहीतरी करावं लागतं का? मनगट वळत नाही म्हणून पट्टेकरी अरुंद बोळात शिरायला नकार देतो. तोडा विझला म्हणून बुरुजावरचा म्हातारा शिपाई शस्त्रागाराकडे पळतो आणि पोलादी कमान उतरवतो. बख्तर तापलंय म्हणून पहारेकरी सावलीत सरकतो आणि नेमका तेवढ्या वेळात चोर आत येतो. असा तपशील असेल तर ओळ लिहावी. नाहीतर 'त्यानं चिलखत चढवलं' एवढं पुरे.

हत्तीचं उदाहरण देतो. इंग्लंडमधल्या लीड्सच्या संग्रहालयात हिंदुस्थानातून गेलेलं हत्तीचं चिलखत आहे. आज उरलेल्या भागाचं वजन ११८ किलो आणि त्यात ५,८४० पत्रे. हा आकडा कथेत देण्याची काहीच गरज नाही. पण तो माहीत असला की तुम्ही विचार करता: हे चढवायला किती माणसं लागतील, किती वेळ लागेल, हत्ती तोवर उभा राहील का, आणि अचानक छापा पडला तर? मग तुमच्या कथेतला माहूत चिलखत अर्धवट बांधलेल्या हत्तीवर चढतो. वाचकाला आकडा कळत नाही, पण घाई कळते.

---

ओतकाम

मलिक-ए-मैदानचंही तसंच की. १६३२ मध्ये ती परांड्याहून विजापूरला नेली. चारशे बैल आणि दहा हत्ती लावले असं सांगतात. ५५ टन ओतलेला धातू, मध्ये भीमा ओलांडायची. मी कारखान्यात पाच टनांचा नग क्रेनशिवाय हलवायचा म्हटलं तर दिवसभर डोकं धरून बसेन. लढाई बाजूला राहू द्या, ती तोफ नदीपार कशी केली एवढीच कथा कुणीतरी लिहा.

---

अवकाळी

ही कथा मी लिहीन म्हणतो. तोफेच्या पोटात काहीतरी झोपलेलं आहे आणि बैलवाल्यांना ते माहीत नाही. बैलांची जुंपणी कशी असायची, चाकं की ओंडके, आणि भीमेला त्या दिवसांत पाणी किती असतं, हे कुणी सांगेल का?

---

अंतूकाका

अवकाळी, हिवाळा संपता संपता ठेवा. पाणी उतरलेलं असतं, वाळू मोकळी असते, आणि सुगी झाल्यानं बैल रिकामे असतात. पण वाळूत चाक रुतणार. ओंडके अंथरून वाट करावी लागेल, म्हणजे आधी झाडं तोडणारी टोळी पुढे हवी.

---

पट्टेकरी

खरी हत्यारं जवळून बघायची असतील तर अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघा, सोलापूरहून चाळीसेक किलोमीटर. पुण्याला केळकर संग्रहालय, हैदराबादला सालारजंग. फोटोत मुठीचं माप कळत नाही. काचेसमोर उभं राहून आपला पंजा शेजारी धरून बघा, मूठ किती लहान आहे ते ध्यानात येतं.

---

भुईकोट

अंजन घातलंत पट्टेकरी. याला जोडून, १५७० मध्ये अली आदिलशहाच्या काळात विजापुरात तयार झालेलं नुजूम-उल-उलूम हे चित्रमय हस्तलिखित आज डब्लिनला आहे. ग्रह, राशी, जादूटोणा, हत्ती-घोडे आणि शस्त्रं सगळं एकाच ग्रंथात. ज्या सुलतानाकडे आपला किल्ला गेला त्याच्याच दरबारात जादू आणि तलवार एका वहीत नांदत होत्या. त्यातली चित्रं इंटरनेटवर पाहायला मिळतात.

पुढच्या रविवारी सकाळी अक्कलकोटला जायचा विचार आहे. पूर्वभागकर ताई, अवकाळी, येणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वही आणि मोजपट्टी घेऊन या. फोटो काढू देतात की नाही ते दारात विचारू.

---

पूर्वभागकर

येते. सोबत घट्ट विणीच्या कापडाचे वीस थर शिवून आणते, पट्टेकरींनी त्यावर बाहेर मोकळ्या जागेत वार करून दाखवावा.